आफ्रिका, पण कोणाच्या दृष्टीने?

गोरेगावातील एका शाळेत परवा सातवीच्या वर्गाला आफ्रिका खंडाची चित्रफीत दाखविण्यात आली. सिंह, दुष्काळ, भाले घेऊन नाचणारे लोक. वीस मिनिटांत ५४ देश आटोपले! चित्रफितीला आमचा विरोध नाही. खडूने फळ्यावर सहारा उभा राहत नाही, हे मान्यच. पण हा कॅमेरा कोणाचा? १८८४-८५ साली बर्लिनमध्ये बसून ज्यांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरविले, त्यांचीच ही दृष्टी. भारत म्हणजे गारुडी आणि हत्ती, असे जगाला शिकविणारीही हीच. ती आपल्या मुलांनी उसनी का घ्यावी?

मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधताना सुमारे अडीच हजार भारतीय मजूर मृत्युमुखी पडले. स्वाहिलीत दुकानाला आजही ‘दुका’ म्हणतात. औंध संस्थानचे अप्पासाहेब पंत १९४८मध्ये नैरोबीत स्वतंत्र भारताचे प्रतिनिधी म्हणून गेले. यातले काहीच त्या फितीत नव्हते.

१९७७पासून याच गोरेगावात शासनाची चित्रनगरी आहे. मालिकांसाठी तेथे खोटे वाडे उभे राहतात. खंडांवरील मराठी फिती तेथे का होऊ नयेत? तोवर शिक्षकांनी निदान मधूनमधून फीत थांबवावी आणि पडद्यावर काय दिसले नाही, ते सांगावे.