दारातली जागा कोणाची?

रविवारची संध्याकाळ आली की आमच्या गल्लीतल्या बायकांच्या कपाळावर आठी पडते. आमचं घर हुतात्मा बागेपासून हाकेच्या अंतरावर. जवळच भुईकोट किल्ला, पलीकडे सिद्धेश्वर तलाव. पाहुणे म्हणतात, ‘किती छान ठिकाणी राहता हो!’ छानच आहे. पण चार वाजल्यापासून गल्लीत गाड्या शिरू लागतात आणि सहापर्यंत आमच्याच फाटकातून आम्हाला अंग चोरून बाहेर पडावं लागतं. संक्रांतीला होम मैदानावर गड्डा यात्रा भरली की मग विचारूच नका. कुणाला हटकलं तर उत्तर ठरलेलं, ‘पाचच मिनिटं ओ ताई, पोरांना फिरवून आणतो.’

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका रविवारी सासूबाईंना धाप लागली. रिक्षा बोलावली, ती गल्लीत मध्येच अडकली. शेवटी शेजारच्या दोन मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून उचलून नेलं. त्या बऱ्या होऊन घरी आल्या, पण ती दहा मिनिटं मी विसरलेली नाही.

पुढच्याच आठवड्यात आमच्या घरी बैठक झाली. गल्लीच्या तोंडाशी ‘पार्किंग फक्त रहिवाशांसाठी’ अशी पाटी लावायची, दारापुढे कुंड्या मांडायच्या, असं ठरलं. सगळ्यात मोठ्याने ‘हो’ मीच म्हटलं.

पाहुणे गेल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, ‘अगं, त्या दिवशी रिक्षा अडली ती बागेत आलेल्यांच्या गाडीला नव्हे. आपल्याच गल्लीतली गाडी होती ती. पोर्चमध्ये त्यांनी खोली काढलीय, तेव्हापासून गाडी रस्त्यावरच असते.’

मी गप्पच झाले. खरंच की! पाटी लावून परक्यांच्या गाड्या गेल्या असत्या. त्या जागी आमच्याच घराघरातल्या दुसऱ्या, तिसऱ्या गाड्या आल्या असत्या. रिक्षा पुन्हा अडलीच असती.

शिवाय रस्ता आमच्या सातबाऱ्यावर थोडाच आहे? विडी कामगार बायकांबरोबर मी काम करते. कुंभारीच्या घरकुलातून त्या सुट्टीला पोरांना घेऊन इकडे येतात. त्यांच्या घरी बाग नाही. हीच त्यांची बाग. आणि नवी पेठेत खरेदीला गेल्यावर माझी स्कूटी मी कुणाच्या दारात लावते? तेव्हा माझीही ‘पाचच मिनिटं’ असतात.

परदेशात काही शहरांत रहिवाशांना वर्षाचे पैसे भरून रस्त्यावर गाडी लावायचा परवाना मिळतो. पण तो पालिका देते, आपण कुंड्या मांडून घेत नाही. जपानात तर 1962 पासून कायदाच आहे, गाडी ठेवायला जागा असल्याचं दाखवल्याशिवाय मोटार घेता येत नाही. आपल्याकडेही 2025 मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी असाच नियम आणण्याची घोषणा केली. तो कधी, कसा लागू व्हायचा तो होवो, पण गाडी घेण्याआधी ती ठेवायची कुठे, हा प्रश्न घरातल्या बाईने तरी विचारायलाच हवा. सोन्याची खरेदी दहादा विचार करून करतो, मग गाडीच्या जागेचा विचार एकदा का नको?

दुसऱ्याच्या दारासमोर गाडी लावून वाट अडवणं मात्र नियमाने आजही मना आहे. तेवढा हक्क आपला, आणि तो मागितलाच पाहिजे.

म्हणून आम्ही पाटीचा बेत सोडला आणि महापालिका व वाहतूक पोलिसांना अर्ज लिहिला. गल्लीत सम-विषम तारखेप्रमाणे एकाच बाजूला गाड्या लावू द्या, रुग्णवाहिका जाईल एवढी वाट कायम मोकळी ठेवा, आणि रविवारी व यात्रेत बाहेरच्या गाड्यांना जवळच जागा नेमून द्या. अर्जाखाली बावीस बायकांच्या सह्या आहेत. पोर्चमध्ये खोली काढलेल्या वहिनींचीही आहे. सही करताना त्या जरा थबकल्या, मग म्हणाल्या, ‘आमची गाडी आधी हलवायला लागेल ना?’

हो वहिनी, आधी आपलीच. मग पाहुण्यांना सांगायला तोंड राहील.

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी आपल्या दारात उभं राहून जरा बघा. वाट अडलीय ती नेमकी कुणाच्या गाडीने?