वर्षातून चारदा धुरी, त्यासाठी यंत्र कशाला?

अमेरिकेत मे महिन्याच्या अखेरीस मेमोरियल डे आला की घरामागच्या अंगणात मांस भाजण्याचा हंगाम सुरू होतो, आणि तो सप्टेंबरातल्या लेबर डेपर्यंत चालतो. ह्यूस्टन, डॅलस किंवा न्यू जर्सीत स्थिरावलेली अनेक मराठी कुटुंबेही आता त्यात हौसेने उतरतात. घर झाले, अंगण आले, की पुढचा प्रश्न असतो स्मोकर कोणता घ्यायचा. दुकानात विचारा नाहीतर शेजारी, उत्तर बहुधा एकच मिळते: कष्ट नको असतील तर पेलेट ग्रिल घ्या. वर्षातून चार-पाच वेळाच धुरी देणाऱ्या माणसासाठी हा सल्ला मला पटत नाही. त्यात कष्ट मोजले जातात ते फक्त रांधायच्या दिवसाचे. यंत्र अंगणात नुसते उभे असते त्या उरलेल्या तीनशे साठ दिवसांचा हिशेब कोणी करत नाही.

पेलेट ग्रिलचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. ओरेगनमधल्या माउंट एंजल गावच्या जो ट्रेगर यांनी १९८०च्या दशकात हे तंत्र बाजारात आणले. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या पेटीत भरायच्या. मळसूत्री दांडा त्या हव्या तेवढ्याच विस्तवात ढकलतो, पंखा हवा देतो आणि तापमान दिवसभर जागच्या जागी राहते. पण या कांड्या ओलाव्याला अजिबात टिकत नाहीत. भुसा धरून ठेवतो तो मुख्यतः लाकडातलाच लिग्निन. ओल लागली की कांडी फुगते, तिचा पुन्हा भुसा होतो आणि तो त्या दांड्याभोवती घट्ट बसतो. ह्यूस्टनच्या दमट हवेत मेमोरियल डेला अर्धी ठेवलेली पेटी चार जुलैला उघडली तर हेच हाती लागण्याची भीती. म्हणजे प्रत्येक वेळी पेटी रिकामी करा, आतली राख काढा, यंत्र झाकून ठेवा, विजेच्या जोडण्या सांभाळा. दर रविवारी रांधणाऱ्याकडून हे आपसूक होते. चार महिन्यांनी एकदा आठवण होणाऱ्याकडून होत नाही, आणि पाहुणे यायच्या दिवशी ते निस्तरत बसावे लागते.

मुळात हे यंत्र जी अडचण सोडवते, ती आपल्याला आहे का, हे पाहायला हवे. टेक्सासचे ब्रिस्केट असो की डुकराचा खांदा, हे मांसाचे स्वस्त आणि चिवट भाग. त्यांतल्या कोलॅजनचे जिलेटिन व्हायला वेळ लागतो, म्हणून १०७ ते १२१ अंश सेल्सियसच्या, म्हणजे २२५ ते २५० फॅरनहाइटच्या मंद धगीवर ते दहा-बारा तास ठेवतात आणि आतले तापमान ९५ अंशांच्या आसपास गेले की उतरवतात. मधेच ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान काटा तासन्‌तास हलत नाही, कारण पृष्ठभागावरून पाणी उडत असते आणि ते मांसाला थंड करते. त्यावर जुना उपाय म्हणजे मांस कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळणे. आता नीट बघा: धूर चिकटतो तो मुख्यतः पहिल्या काही तासांत, मांस गार आणि ओलसर असताना. मांसाचा वरचा थर वाळला की तो फारसा धरत नाही, आणि एकदा मांस गुंडाळल्यावर तर धुराचा प्रश्नच उरला नाही. पुढे हवी ती नुसती उष्णता. ती द्यायला स्वयंपाकघरातला ओव्हन आहे, जो अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक घरात आधीपासूनच असतो आणि थर्मोस्टॅटवर चालतो. बारा तासांच्या पाककृतीत विस्तव राखायचा तो चार-पाच तास.

आणि तेवढ्यासाठी साधे झाकणाचे केटल ग्रिल पुरते. शिकागोच्या जॉर्ज स्टीफन यांनी ते १९५२ साली पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचे दोन भाग वापरून घडवले, आणि ती घडण आजही फारशी बदललेली नाही. २२ इंची ग्रिलच्या आतल्या कडेने ब्रिकेट कोळशाच्या दोन ओळी शेजारी-शेजारी मांडायच्या, त्यावर आणखी एक थर द्यायचा, असे अर्ध्याहून थोडे जास्त वर्तुळ भरायचे. सुरुवातीच्या भागावर हिकरी किंवा ओकचे मुठीएवढे तीन-चार तुकडे ठेवायचे आणि एका टोकाला दहा-बारा पेटलेले निखारे टेकवायचे. एका कोळशावरून दुसऱ्यावर विस्तव सावकाश सरकत राहतो. मध्ये पाण्याचे ताट, कोळसा नाही त्या बाजूला जाळीवर मांस, खालचा झरोका किंचित उघडा, आणि झाकण उगाच उचलायचे नाही. वाचलेल्या पैशांतून दोन सुयांचा चांगला थर्मामीटर जरूर घ्यावा, एक सुई मांसात आणि एक जाळीपाशी. झाकणावरच्या तबकडीवर विसंबू नये.

ओव्हनमध्ये शिजवलेले ते खरे बार्बेक्यू नव्हे, असा आक्षेप हमखास येतो. पण कापल्यावर दिसणारी ती गुलाबी कड ज्वलनातले वायू मांसातल्या मायोग्लोबिनला चिकटून होते, आणि तीही सुरुवातीच्या तासांतच. ती ओव्हनमुळे पुसली जात नाही. कोळशाची राख आणि पेटवण्याची खटपट हा आक्षेप मात्र मान्य करायला हवा. कोळसा पेटवायच्या डब्यात, म्हणजे चिमणीत, तो पेटायला पंधरा-वीस मिनिटे जातात, आणि राखेत विस्तव दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. जिथे सोसायटीच्या नियमांनी कोळशाला मनाई आहे पण विजेच्या उपकरणाला परवानगी आहे, तिथे विजेचा कपाटवजा स्मोकर घेणेच शहाणपणाचे. मात्र असे बरेच स्मोकर १३५ अंशांपुढे जात नाहीत, आणि तेवढ्या धगीवर कोंबडीची कातडी रबरासारखी राहते.

हा शेवटचा मुद्दा आपल्या घरांसाठी लहान नाही. बहुतेक मराठी ताटांत ब्रिस्केटपेक्षा कोंबडीच जास्त. तिला मंद धगीची गरजच नाही. केटलमध्ये १७५ अंशांच्या आसपास तंगड्या तासाभरात होतात आणि कातडीही कुरकुरीत येते. फक्त आत निदान ७४ अंश झालेले पाहावे. धूर किती थोडा पुरतो, हे डाळीला धुंगार देणाऱ्याला सांगावे लागत नाही: एक निखारा, वर चमचाभर तूप, पाच मिनिटे झाकण. स्निग्धांश धुराचा वास चटकन धरतो, मग ते तूप असो की कोंबडीच्या कातडीखालची चरबी.

आणि ऐन वेळी पाऊस आला तर? पेटलेले ग्रिल गॅरेजमध्ये मात्र कधीही ओढू नये, दार उघडे ठेवूनसुद्धा; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तीन तासांची धुरी झाली असेल तर मांस तसेच गुंडाळावे, १२५ अंशांच्या ओव्हनमध्ये सारावे आणि सुई ९५ दाखवेपर्यंत पाहुण्यांशी गप्पा माराव्यात.