हायब्रिड गाडीचा उन्हाळा

वैशाख लागला, शाळांना सुट्ट्या पडल्या, की पुण्या-मुंबईच्या घरांतील गाड्या लोणावळ्याची वाट धरतात. कोणाला दोन दिवस विसावा हवा असतो, कोणाला लग्नाला पोहोचायचे असते. याच दिवसांत नवी हायब्रिड गाडी घेतलेल्या घरांतून एक काळजीचा सूर हमखास ऐकू येतो. हिवाळ्यात लिटरला बावीस-तेवीस किलोमीटर धावणारी गाडी आता सतरा-अठरावर आली. बॅटरी तर कामातून गेली नाही ना? मग घरातील काटकसरी मंडळी उपाय सुचवतात : एसी बंद करा, काचा उघडा, पेट्रोल वाचेल.

या उपायाविषयीच आज लिहावयाचे आहे, कारण साध्या गाडीत तो कमी वेगात बऱ्यापैकी लागू पडतो, पण हायब्रिड गाडीत अनेकदा उलटाच पडतो.

ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या २०२२ साली आलेल्या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकारात पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटार असते. तिला वीज पुरवणारी बॅटरी लिथियम-आयन जातीची, केवळ ०.७६ किलोवॅट-तासांची आहे. आपल्या वीजबिलाच्या भाषेत सांगायचे तर पुरते एक युनिटही नाही. बाहेरून चार्जिंग नाही. इंजिन आणि ब्रेक यांच्याकडूनच ती भरते, आणि भरली की लगेच रिकामी होऊ लागते. म्हणजे ती धान्याची कोठी नव्हे, घडीघडी भरणारा आणि रिता होणारा तांब्या आहे. शिवाय तिच्या आयुष्यासाठी गाडीचा संगणक तिला कधी काठोकाठ भरू देत नाही आणि तळही गाठू देत नाही. प्रत्यक्ष वापरात येते ती साधारण निम्मी क्षमता.

एवढ्याशा बॅटरीवर उन्हाळ्यात दोन बाजूंनी भार येतो. पहिला भार एसीचा. अशा गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर नव्हे, तर थेट विजेवर चालतो. म्हणून सिग्नलला इंजिन बंद झाले तरी आतला गारवा टिकतो, आणि हे सुख मोठेच आहे. परंतु कडक उन्हात कॉम्प्रेसर दीड-दोन किलोवॅट सहज खेचतो. वापरात येणारे ०.४ युनिट दोन किलोवॅटने बारा मिनिटांत संपतात. सुट्टीच्या शनिवारी घाटात, अमृतांजन पुलाच्या जागी (पूल २०२० साली पाडला, नाव मात्र राहिले) वाहनांची रांग खोळंबली, की उभ्या गाडीचे इंजिन दर काही मिनिटांनी आपोआप सुरू होते आणि बंद पडते. तो बिघाड नाही. रिकामा झालेला तांब्या इंजिन पुन्हा भरत असते.

आता थोडे गणित. एसीचा हा भार तासाला सुमारे अर्धा लिटर पेट्रोल खातो असे धरू. समजा, एसीविना शहरात लिटरला २५ किलोमीटर देणारी गाडी गर्दीत ताशी २० किलोमीटरने चालली. शंभर किलोमीटरला चार लिटर पेट्रोल आणि पाच तास लागतील; त्या पाच तासांचे एसीचे अडीच लिटर मिळवले की साडेसहा लिटर झाले. मायलेज पंधराच्या आसपास उतरले. हीच गाडी द्रुतगती मार्गावर ताशी ८० च्या वेगाने धावली, तर शंभर किलोमीटरला सव्वा तासच लागतो आणि एसीचा खर्च पाऊण लिटरच्या आतच राहतो. मायलेज खाणारी गोष्ट अंतर नसून वेळ आहे. साध्या पेट्रोल गाडीतही एसी जवळपास एवढेच खातो, पण तिचा मूळ खर्चच मोठा असल्याने ही घट डोळ्यांत भरत नाही. कमी जेवणाऱ्या माणसाने एक पोळी जास्त खाल्ली की घरात चर्चा होते, तसेच हे आहे.

जाहिरातीतील आकड्याशी तुलना करून खंतावण्याचेही कारण नाही. या दोन गाड्यांसाठी जाहीर झालेला लिटरला २७.९७ किलोमीटर हा आकडा प्रयोगशाळेत, रुळांवर चाके फिरवून, ठरावीक तापमानात आणि एसी बंद ठेवून काढलेला आहे. कामशेतच्या बाजारातील दुपार त्यात नाही.

दुसरा भार खुद्द उष्णतेचा. बॅटरीला साधारण वीस ते पस्तीस अंशांतील हवा मानवते. आपल्याला मानवते तीच. तापमान वाढले की तिच्यातील नको त्या रासायनिक क्रियांना वेग येतो. दर दहा अंशांना झीज सुमारे दुप्पट होते, असा ढोबळ हिशेब तंत्रज्ञ सांगतात. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटी उन्हात २०१२ साली पूर्ण विजेवर चालणाऱ्या निसान लीफ गाड्यांची क्षमता अपेक्षेआधी घटल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. त्या बॅटऱ्यांना गार करण्याची सक्रिय व्यवस्था नव्हती. हायब्रिड गाडीत ती असते, आणि आपल्या काटकसरीच्या उपायाची गफलत नेमकी तिथेच होते.

अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरी मागच्या बाजूला असते आणि एक छोटा पंखा प्रवाशांच्याच कक्षातील हवा ओढून तिला गार करतो. ही हवा आत घेणारी जाळी बहुधा मागच्या आसनाखाली किंवा त्याच्या कडेला असते. आपल्या गाडीत ती कोठे आहे, ते पुस्तिकेत पाहून घ्यावे. याचा सरळ अर्थ असा, की जी हवा आपण घेतो तीच बॅटरी घेते. आपण काचा उघडून अडतीस अंशांची, महामार्गाच्या धुळीने भरलेली हवा आत घेतली, की तीच तिच्या वाट्याला येते. मग संगणक सावध होतो, बॅटरीतून ये-जा करणारी वीज कमी करतो आणि मोटारीचे काम इंजिनावर टाकतो. एसीचे वाचलेले पेट्रोल असे दुसऱ्या दाराने निघून जाते, आणि बॅटरीची झीज वर.

त्या जाळीवर आपण काय काय ठेवतो, हेही पाहण्यासारखे आहे. आपल्या कुटुंबांचा प्रवास म्हणजे डबे आले, पाण्याची भांडी आली, आजींची उशी आणि शाल आली. परतताना चिक्कीच्या पेट्याही आल्या. ही सगळी रास मागच्या आसनाच्या कडेला रचली, की बॅटरीचा श्वास कोंडतो. मागून पंख्याची घरघर वाढली तर प्रथम सामान हलवून पाहावे. जाळीमागे गाळणी असल्यास ती दर सर्व्हिसिंगला साफ करून घ्यावी. मावळात डोंगर फोडून चाललेल्या बांधकामांची धूळ थोडी नाही.

गाडी उन्हात उभी राहिल्यावर आतली हवा तासाभरात पंचावन्न-साठ अंशांपर्यंत जाऊ शकते. परतल्यावर प्रथम सर्व दारे मिनिटभर उघडी ठेवावीत, काचा खाली करून थोडे अंतर जावे आणि मगच काचा लावून एसी सुरू करावा. पुढे आतलीच हवा फिरवत ठेवली की कॉम्प्रेसरचे कष्ट घटतात. सावलीत गाडी लावण्यासाठी दोनशे पावले जास्त चालावी लागली तरी चालावीत. अशा तापलेल्या गाडीत लहान मूल किंवा वृद्ध माणूस ‘दोनच मिनिटे’ म्हणूनही बसवून जाऊ नये, हे गाडी कोणतीही असो.

मुंबईकडे उतरणाऱ्यांसाठी घाटाचा विचार वेगळा करावा लागतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच, आणि खोपोली जवळजवळ साडेपाचशे मीटर खाली. या उताराची ताकद मावळाने फार पूर्वी ओळखली आहे. वळवण, लोणावळा आणि शिरवटा या जलाशयांचे पाणी खाली सोडून टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ पासून मुंबईला वीज देत आले. हायब्रिड गाडी उतरताना लहान प्रमाणावर तेच करते. ब्रेक लावला की मोटार जनित्र बनते. माणसे-सामानासह सोळाशे किलोची गाडी एवढी खाली आली की सुमारे २.४ युनिट ऊर्जा मोकळी होते. हवेचा आणि टायरांचा विरोध त्यातला मोठा वाटा घेतो, तरीही उरलेली ऊर्जा त्या छोट्या बॅटरीला झेपत नाही. घाट संपण्याच्या बराच आधी ती भरते. आणि खाली उतरताना कोकणचा दमट उकाडा भेटला, तर तापलेली बॅटरी चार्जिंग आणखी लवकर आवरते घेते.

येथे प्रश्न पेट्रोलचा राहत नाही, ब्रेकचा होतो. मोटारीने वेग रोखणे थांबवले की सारा भार चाकांच्या ब्रेकवर येतो, आणि सतत दाबलेले ब्रेक तापून ढिले पडतात. म्हणून उतार सुरू होतानाच गिअरच्या दांड्यावरील ‘बी’ हे स्थान निवडावे. काही गाड्यांत ते नसते; तेथे स्टिअरिंगमागील पट्ट्यांनी हेच साधते. बॅटरी भरल्यावर या स्थितीत इंजिन मोठ्याने गुरगुरू लागते. नवखे चालक घाबरतात, पण त्या वेळी पेट्रोल जळत नसते. इंजिन केवळ फिरून गाडीला रोखत असते.

बॅटरी बदलण्याच्या खर्चाची धास्ती अनेकांना असते. टोयोटा आणि मारुती हायब्रिड बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांतील जे आधी पूर्ण होईल तेथपर्यंत हमी देतात. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. खरे तर उन्हाळ्यात दगा देते ती मोठी बॅटरी नव्हे, तर बारा व्होल्टची साधी बॅटरी. संगणक जागा करण्याचे काम तिचे. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी हलत नाही. तिला तीन वर्षे झाली असतील, तर सुट्टीच्या प्रवासाआधी तपासून घ्यावी.

जूनमध्ये पाऊस आला की हेच मायलेज पुन्हा वर चढू लागेल. फक्त भुशी धरणावरून भिजून परतताना ओल्या छत्र्या आणि रेनकोट मागच्या आसनाच्या त्या जाळीजवळ टाकू नयेत. त्यांच्यासाठी घरून एक प्लॅस्टिकची बादली बरोबर घ्यावी.