आवाज कोठें अडला?

या सदरांत आम्ही बहुधा मुलांच्या अभ्यासाविषयीं, सणवारांविषयीं किंवा घरांतील लहानमोठ्या शिस्तीविषयीं लिहीत असतों. या खेपेस विषय थोडा निराळा आहे. आमच्या घरचा लॅपटॉप एका सायंकाळीं अकस्मात् मुका झाला, आणि तो पुन्हां बोलूं लागेपर्यंतच्या तीन दिवसांत आम्हांस जें शिकावें लागलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटलें. ज्यांच्या घरीं असें यंत्र आहे त्यांना यांतील कांहीं भाग उपयोगी पडेल. उरलेला भाग आमच्या चुकीचा आहे. तोही सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या १९८९ सालीं आम्हीं एका ध्वनिफितीवर धरून ठेवल्या होत्या. जातें तेव्हां कोपऱ्यांत नुसतें पडून होतें. पण आई खुंट्यावर हात ठेवी आणि तिला आपोआप सूर लागे. आई सवाष्ण गेली, म्हणून पितृपक्षांत अविधवा नवमीस तिचें श्राद्ध असतें. त्या दिवशीं पानें उठल्यावर दुपारीं सर्वांनीं एकत्र बसून त्या ओव्या ऐकावयाच्या, असा आमच्या घरचा परिपाठ आहे. फितीला बुरशी धरूं लागली तेव्हां पुतण्यानें त्या लॅपटॉपवर उतरवून दिल्या, व मूळ फीत पुढें निकामी झाली. म्हणजे आईचा आवाज साऱ्या जगांत त्या एका यंत्रांत उरला होता. दुसरी प्रत आम्हीं केलेली नव्हती.

गेल्या पितृपक्षांत षष्ठीच्या सायंकाळीं, नवमीची तयारी म्हणून, आम्हीं त्या ओव्या लावून पाहिल्या. पडद्यावर वेळेचे आंकडे पुढें सरकत होते. आवाज मात्र नाहीं. बातम्या लावल्या, कीर्तन लावलें. सर्वत्र तीच शांतता. सकाळीं आमचा बारा वर्षांचा नातू त्यावर क्रिकेटचा खेळ खेळत होता हें आम्हांस आठवलें. आम्हीं त्याला हांक मारून विचारलें, "काय केलेंस याला?" लक्षांत घ्यावें कीं, "काय झालें असेल रे?" असें आम्हीं विचारलें नाहीं. "आजोबा, मीं कांहीं केलें नाहीं," असें तो म्हणाला. त्यावर आम्ही आणखी चार शब्द बोललों. ते येथें लिहिण्यासारखे नाहींत. रात्रीं जेवतांना पोर बोललें नाहीं. सकाळीं शाळेस जातांना "येतों" म्हणालें नाहीं. "घरांत आतां दोघे मुके झाले आहेत," असें आमच्या सौभाग्यवतीनें आम्हांस ऐकविलें.

सप्तमीस यंत्र घेऊन आम्ही बाजारांतील एका दुरुस्तीच्या दुकानीं गेलों. तेथील तरुणानें पांच मिनिटें कळा दाबून पाहिल्या आणि सांगितलें कीं, आंतील सर्व पुसून विंडोज नव्यानें टाकावी लागेल. तेवढ्यानें न भागल्यास मदरबोर्ड बदलावा लागेल. आंतल्या फायलींचें काय, असें विचारतां, "बॅकअप असेलच ना तुमच्याकडे?" असा उलट प्रश्न आला. आम्हांस घाम फुटला. त्याचा प्रश्न अगदीं योग्य होता; निदान मात्र घाईचें होतें. "उद्यां येतों," असें सांगून आम्ही यंत्र कांखेंत मारून परतलों.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं, तेव्हां विचार करणें प्राप्त झालें. मीमांसक म्हणतात कीं, शब्द नित्य आहे. उच्चारानें तो उत्पन्न होत नाहीं, केवळ प्रकट होतो. नैयायिकांस हें मान्य नाहीं. त्या वादांत पडण्याची आमची योग्यता नाहीं. पण लॅपटॉपापुरता तरी मीमांसकांचा पक्ष खरा आहे. फायलींत आवाज असतो तो आंकड्यांच्या रूपानें. संगीताच्या सीडीसाठीं जें माप ठरलें आहे त्यांत ध्वनिलहरीची उंची एका सेकंदांत ४४,१०० वेळां मोजून लिहिलेली असते. यंत्राचा बोलका भाग बिघडला म्हणून ही नोंद पुसली जात नाहीं. 'आवाज येत नाहीं' आणि 'आवाज गेला' या दोन अगदीं भिन्न गोष्टी होत, आणि भयामुळें आम्हीं त्या एक समजलों होतों. तेव्हां रात्रीं उठून आम्हीं पहिलें काम केलें तें हें कीं, ओव्यांची फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. वाचकांनीं हें काम यंत्र मुकें होण्याची वाट न पाहतां आजच करावें.

आतां निदानाकडे वळूं. पाणिनीय शिक्षेंत वर्णोत्पत्तीचा क्रम सांगितला आहे. आत्मा बुद्धीच्या साहाय्यानें अर्थ जुळवितो आणि बोलण्याच्या इच्छेनें मनास योजतो. मन शरीरांतील अग्नीस चेतवितें. अग्नि वायूस प्रेरणा देतो. आणि तो वायु उरांतून, कंठांतून मुखांत येऊन वर्णरूप होतो. या सांखळींतील कोणताही दुवा तुटला तरी बाहेरून दिसणारें फळ एकच, मौन. लॅपटॉपांतही अशीच सांखळी आहे. गाणें लावणारा प्रोग्राम आंकडे वाचून विंडोजच्या हवालीं करतो. विंडोज ते ड्रायव्हरकडे देते, म्हणजे यंत्राच्या त्या विशिष्ट भागाची भाषा जाणणाऱ्या दुभाष्याकडे. ड्रायव्हर ते ध्वनीच्या चिपेस पोंचवितो. चिप आंकड्यांपासून विजेची लहर बनविते. ती लहर वाढवून स्पीकरकडे जाते आणि स्पीकरचा पडदा हवा हलवितो. शेवटच्या टप्प्यावर मात्र एक फांटा आहे. कानाला लावावयाच्या इयरफोनची पिन भोंकांत घातली कीं, आंतील एक लहानसा स्पर्श-खटका हलतो, आणि आवाज स्पीकरकडे न जातां पिनेकडे वळतो. पिन खुपसून मार्ग जोडण्याची ही रीत एकोणिसाव्या शतकांतील टेलिफोन-केंद्रांतून आलेली आहे.

ही सांखळी समोर असली म्हणजे मदरबोर्डापर्यंत उडी घेण्याचें कारण उरत नाहीं. कोणता दुवा शाबूत आहे हें एकेक करून पाहावें. एक गोष्ट ठेवली असतां फळ येतें काय, काढली असतां जातें काय, यालाच आपले शास्त्रकार अन्वय-व्यतिरेक म्हणतात. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन एकदम बदलल्या तर गुण कशानें आला हें कळत नाहीं.

अष्टमीस शाळा सुटल्यावर आम्हीं नातवास बोलाविलें. तो आला, पण दारांतच उभा राहिला. आम्हीं म्हटलें, "आम्हांस हें एकट्याला जमत नाहीं. तूं पाहा, आम्ही लिहून घेतों." तो जवळ येऊन बसला, अर्थात् कांहीं न बोलतां.

प्रथम आवाज बंद करण्याची कळ पाहिली. कळफलकाच्या वरच्या ओळींत स्पीकरचें चित्र असलेली ही कळ चुकून दाबली जाते, आणि कित्येक यंत्रांत तिच्यावर लहान दिवा लागतो. दिवा नव्हता, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यांतील चिन्हावर फुलीही नव्हती. मग एकच प्रोग्राम मुका आहे कीं सर्व, हें पाहिलें. कारण २००७ च्या व्हिस्टापासून विंडोजमध्यें प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा कमीजास्त करतां येतो, आणि ब्राउझरांतील एखादें पानही तेवढें बंद केलेलें असूं शकतें. आमच्याकडे सर्वच मुके होते. मग यंत्र बंद करून पुन्हां चालू केलें. हा उपाय क्षुल्लक वाटतो, पण अडकलेली ध्वनीची सेवा पुष्कळदां एवढ्यानेंच सुटते. गुण नाहीं.

नंतर जुन्या कंट्रोल पॅनलमधील 'साउंड'ची खिडकी उघडून ओव्या लावल्या. तेथें आवाजाबरोबर खालींवर होणारी एक हिरवी पट्टी असते. ती हलत होती. आईचा सूर चढे तशी ती चढे, श्वास घेण्यास आई थांबे तेथें ती उतरे. तिचा आवाज आम्हांस डोळ्यांनीं दिसत होता आणि कानांनीं ऐकूं येत नव्हता. आम्ही क्षणभर लिहावयाचें विसरलों. पण याचा अर्थ स्पष्ट होता: प्रोग्राम निर्दोष, विंडोज निर्दोष. सर्व पुसून टाकून कांहींही लाभ झाला नसता.

तितक्यांत नातू बोलला. दोन दिवसांतील त्याचे ते पहिले शब्द. "आजोबा, ही पट्टी हेडफोन्सपुढें हलतेय. आपण तर हेडफोन लावलेलाच नाहीं."

आम्हीं चष्मा पुसून पाहिलें. खरेंच होतें. यंत्राची समजूत अशी होती कीं कोणी तरी कान लावून बसलें आहे, आणि तें प्रामाणिकपणें त्या कानांत गात होतें. तो कानच तेथें नव्हता.

आम्हीं इयरफोन आणून पिन घातली. आवाज आला. काढली, पुन्हां शांतता. पुन्हां घातली, आवाज. म्हणजे चिपेपर्यंत सर्व ठीक, आणि दोष त्या भोंकाच्या खटक्यांत. यंत्र पूर्ण बंद करून, चार्जर काढून, नातवानें मोबाइलची बॅटरी धरली. आंत खोल कापसाचा एक बारीक बोळा बसला होता. त्यानें खटका दाबून धरला होता, म्हणून पिन नसतांही ती आहे असा यंत्रास भास होत होता. कोरड्या, मऊ, बारीक कुंचल्यानें तो हळूहळू बाहेर आला; पिन चारदोन वेळां आंतबाहेर केली, आणि यंत्र चालू करतांच स्पीकर बोलूं लागला. येथें एक सूचना: सुई, टांचणी किंवा कोणतीही धातूची काडी आंत घालूं नये, आंतील पातळ पट्ट्या वांकतात. तोंडानें फुंकूंही नये. वाफेचा दमटपणा आंत जातो.

हा कापूस आला कोठून? लॅपटॉपावर धूळ बसूं नये म्हणून घरांत जुन्या गोधडीची एक खोळ शिवलेली आहे. तिची एक शिवण उसवून कापूस डोकावत होता, तें आम्ही रोज पाहत होतों. आणि दुपारीं कोणाची झोंप मोडूं नये म्हणून इयरफोन लावून कीर्तन ऐकण्याची संवय घरांत एकट्या आम्हांस आहे. भोंकाच्या तोंडाशीं आलेला तंतु पिनेनें रोज थोडा थोडा आंत कोंबणारे आम्हीच. नातू खेळतांना पिन लावतही नव्हता.

सर्वांच्या यंत्रांस कापूसच बाधेल असें नव्हे, म्हणून इतर कारणेंही थोडक्यांत सांगतों. शेजारच्या खोलींत ब्लूटूथचा इयरफोन किंवा स्पीकर चालू राहिला असेल, तर आवाज तिकडे जातो. टीव्हीस तार जोडली असेल तर टीव्हीकडे जातो. दोन्ही प्रसंगीं आवाजाच्या चिन्हापाशीं जाऊन लॅपटॉपाचा स्वतःचा स्पीकर निवडला कीं झालें. विंडोजच्या अद्ययावतीकरणानंतर लगेच आवाज बंद झाला, तर ड्रायव्हरचा संशय घ्यावा. डिव्हाइस मॅनेजरमध्यें ध्वनीच्या ओळीवर पिवळा त्रिकोण दिसल्यास ड्रायव्हर काढून यंत्र पुन्हां चालू करावें, बहुधा विंडोज तो स्वतः पुन्हां बसविते. वैद्य रोगाचें पूर्वरूप विचारतात, तेंही येथें उपयोगी आहे: आवाज आधीं घोगरा, फाटका होत जाऊन मग बंद पडला, तर स्पीकरच निकामी होत आला असावा, काल स्वच्छ होता आणि आज एकदम नाहीं, तर बहुधा वाट अडली किंवा वळली आहे. कांहीं कंपन्यांच्या यंत्रांत विंडोज सुरू होण्यापूर्वींच स्पीकर तपासण्याची सोय असते. तेथेंही आवाज न आला तरच यंत्र उघडण्याची भाषा करावी.

आतां आमच्या चुकीकडे येतों. आम्हीं आयुष्यभर मुलांना शिकविलें. वर्गांत फळ्यावर कांहीं लिहिलेलें आढळलें, शाईची दौत सांडली, कीं आमचा पहिला प्रश्न "कोणी केलें?" हाच असे. हा प्रश्न विचारतांच सारा वर्ग मुका होतो हें आम्हांस अनुभवानें ठाऊक होतें. तरी आम्हीं तोच विचारीत राहिलों. यंत्रापाशीं "आवाज कोठें अडला?" असें विचारलें तेव्हां उत्तर तासाभरांत मिळालें. मुलापाशीं तें आम्हीं कधींच विचारलें नव्हतें.

त्या सायंकाळीं आम्ही नातवास म्हणालों, "बाळ, चूक आमची होती. तुझ्यावर उगाच आळ घेतला." त्यावर काय बोलावें हें त्यास समजलें नाहीं. थोड्या वेळानें तो आंत गेला आणि सुईदोरा घेऊन आला. उसवलेली शिवण आजीकडून घालून घ्यावयाची होती.

नवमीस पानें उठल्यावर सर्व मंडळी माजघरांत बसली. ओव्या त्यानेंच लावल्या. आईचा आवाज आला तेव्हां तो आमच्या शेजारीं होता. दोनतीन ओव्या झाल्यावर त्यानें हळूच विचारलें, "आजोबा, पणजी मध्येंच थांबते ती श्वास घ्यायला ना?"

आम्हीं म्हटलें, "होय. तूं परवां पट्टींत पाहिलेंस तेंच तें."

त्या फायलीच्या आतां चार प्रती आहेत. एक त्याच्याजवळ आहे.