सान फ्रान्सिस्कोची सनद आणि बर्था लुट्झ

२६ जून १९४५ रोजी सान फ्रान्सिस्को येथे पन्नास राष्ट्रांच्या मुखत्यारांनी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या केल्या, तेव्हा त्यांत स्त्रियांच्या सह्या अवघ्या चार होत्या: चीनच्या वू यीफांग, अमेरिकेच्या व्हर्जिनिया गिल्डरस्लीव्ह, डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या मिनर्व्हा बर्नार्डिनो आणि ब्राझीलच्या बर्था लुट्झ. यांतील शेवटचे नाव आपल्याकडे जवळजवळ अपरिचित राहावे, हा मी कृतघ्नपणा समजतो. कारण सनदेच्या उद्देशिकेत स्त्रीपुरुषांच्या समान हक्कांची जी ग्वाही आहे आणि संघटनेतील कोणत्याही हुद्द्याला स्त्री व पुरुष सारखेच पात्र मानणारी जी तरतूद आठव्या कलमात आहे, ती ज्यांनी हट्टाने घालून घेतली, त्यांत लुट्झबाई अग्रभागी होत्या.

मुत्सद्देगिरी हा बाईंचा मूळ पेशा नव्हे. उष्णकटिबंधातील रोगांचे नामवंत संशोधक अडोल्फो लुट्झ यांच्या या कन्येने पॅरिसला सोर्बोन येथे निसर्गविज्ञानाचे अध्ययन केले, १९१९ मध्ये स्पर्धापरीक्षा देऊन रिओ दि जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात जागा मिळवली आणि पुढे हयातभर बेडकांचा अभ्यास केला. वरवर एकसारखे दिसणारे दोन बेडूक हाती घेऊन त्यांची बोटे, त्यांचे ठिपके, त्यांचा आवाज निरखून पाहावा आणि जो भेद आहे तो नोंदीत स्पष्ट लिहावा, न लिहिलेल्या भेदाला शास्त्रात थारा नाही, ही शिस्त त्यांच्या हाडीमाशी खिळलेली होती.

राजकारणातही त्यांना हाच अनुभव आला. ब्राझीलच्या १८९१ च्या राज्यघटनेने मताधिकार एकवीस वर्षांवरील नागरिकांना दिला होता. स्त्रियांना मनाई करणारे एक अक्षरही त्यात नव्हते. परंतु नागरिक म्हणजे पुरुष, ही वहिवाट इतकी रुजलेली होती की १९२२ साली लुट्झबाईंनी स्त्रियांचा संघ स्थापून चळवळ आरंभली, तरी प्रत्यक्ष हक्क पदरात पडण्यास १९३२ साल उजाडावे लागले. सर्वसमावेशक भाषेचा भरवसा किती धरावा, हे ज्या स्त्रीने आपल्या देशात असे पाहिले होते, तिच्यापुढे सान फ्रान्सिस्कोत ब्रिटन-अमेरिकेच्या प्रतिनिधी स्त्रियांनीच, सर्वांचे हक्क म्हटले की स्त्रियांचे आलेच, वेगळा उल्लेख कशाला, असा पवित्रा घेतला. सनदेत स्त्रियांकरिता काही मागणे अशिष्टपणाचे होईल, असे गिल्डरस्लीव्हबाईंनी आपल्याला बजावल्याचे लुट्झबाईंनी नमूद करून ठेवले आहे. ते बजावणे त्यांनी मानले नाही. बर्नार्डिनो, उरुग्वेच्या इसाबेल पिंतो दे विदाल, ऑस्ट्रेलियाच्या जेसी स्ट्रीट यांना सोबत घेऊन त्यांनी समित्यांतून मसुद्याच्या शब्दाशब्दासाठी झुंज दिली आणि ती जिंकली. स्त्रीपुरुष समतेचा विचार लंडन-न्यूयॉर्कहून निघाला आणि मग उरलेल्या जगाला पोचला, अशी जी समजूत आपल्या सुशिक्षितांत दृढ आहे, ती या एका हकिकतीने सुटावी असे मला मनापासून वाटते.

पुढल्याच वर्षी स्त्रियांच्या दर्जाविषयी संयुक्त राष्ट्रांत काम सुरू झाले, त्यात आमच्या मुंबईत सत्याग्रह केलेल्या हंसा मेहता होत्या. आणि १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ हा पाठ जाऊन ‘सर्व मानव’ आला तो हंसाबाईंच्या आग्रहाने. दोघींच्या देशांत हजारो कोसांचे अंतर, पण धोरण एकच.

१९७५ मध्ये मेक्सिको शहरी जागतिक महिला परिषद भरली, तेव्हा ऐंशी वर्षांच्या लुट्झबाई ब्राझीलच्या शिष्टमंडळात होत्या. पुढच्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवपदावर त्यांनी हयातीत एकही स्त्री पाहिली नाही, आणि आठवे कलम सनदेत जसेच्या तसे असूनही आजवर ती कोणाला पाहता आलेली नाही.