हळदीतला व्हिडिओ

मंगळवारी रात्री जेवणं आटोपत होती, तेवढ्यात शेजारच्या काकू मुलाला घेऊन आल्या. मुलगा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रेस शॉपला ऑपरेटर, आठ वर्षं पर्मनंट. त्याच्या हातात चार घड्या घातलेला कागद. उलगडला तर टाइप केलेल्या तीन ओळी : वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे. खाली नाव, टोकन नंबर. सहीची जागा तेवढी कोरी. ‘उद्या सही करून आण, नाहीतर डिसमिस करू, मग कुठेच चिकटणार नाहीस,’ असं साहेबांनी बजावलेलं.

कारण काय, तर हळद. चुलतभावाच्या हळदीत, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या गावात तो प्यायला आणि बँजोपुढे नाचला. कुणीतरी स्टेटसला टाकलं आणि ते सुपरवायझरपर्यंत पोचलं. अंगात कंपनीचा टी-शर्टसुद्धा नव्हता.

मी कागद आधी त्याच्या हातून काढून घेतला. माझे वडील युनियनचं काम करायचे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत : काढायचं असेल तर त्यांना काढू दे, तू लिहून देऊ नकोस. राजीनाम्यावर सही झाली की ‘मला काढलं’ हे सिद्ध करता करता वर्षं जातात.

वडिलांच्या टेबलावर स्टँडिंग ऑर्डरची पुस्तिका कायम असे. १९४६ च्या कायद्यापासून चालत आलेल्या या नियमांत दारू पिऊन धिंगाणा हे गैरवर्तन आहेच, पण ते कारखान्यात केलं तर. ‘आवारात’ या एका शब्दावर किती घरं तगली आहेत! ग्लॅक्सोच्या अलीगढच्या कारखान्यात संपाच्या वेळी कामावर जाणाऱ्यांना बाहेर दमदाटी, मारहाण केल्याचा आरोप काही कामगारांवर होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८३ च्या निकालात न्या. डी. ए. देसाई यांनी स्पष्ट केलं की, नियमात आवार आणि लगतचा परिसर म्हटलं असेल तर मालकाला तो कुठवरही ताणता येणार नाही. मालक म्हणजे कामगाराला संस्कार लावणारा गुरू नव्हे, असंही त्यांनी सुनावलं. मारहाणीच्या आरोपात हे, तर इथे नाचच होता.

शिफ्टला नशेत येणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. प्रेसखाली बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत. अशा माणसाला गेटवरूनच परत पाठवावं. बाहेरच्या वागण्याचा कामाशी थेट संबंध असेल, तर तेही निराळं. पण तेव्हाही चार्जशीट द्यावी लागते, चौकशी लावावी लागते, त्याचं ऐकावं लागतं. गुन्ह्याच्या मानाने शिक्षा फार मोठी असेल तर ती कमी करण्याचा अधिकार औद्योगिक विवाद कायद्याच्या १९७१ च्या दुरुस्तीने, कलम ११-अ घालून, कामगार न्यायालयांना दिला. हे संप करून, कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळालंय. ते तीन ओळींच्या कागदावर सोडून द्यायचं?

बुधवारी तो नेहमीप्रमाणे पहिल्या शिफ्टला गेला. आम्ही लिहिलेलं पत्र त्याने दिलं : माझ्यावर आरोप असेल तर लेखी द्यावा. पोच म्हणून झेरॉक्सवर शिक्का मागितला. शिक्का मिळायला दुपार झाली, पण तो मशीनवर होता.

संध्याकाळी त्याने मला तो व्हिडिओ दाखवला. त्याच्या शेजारी पिवळ्या शर्टात आणखी एक पोरगा नाचतो आहे. तोही त्याच कारखान्यात, पण कंत्राटी. त्याला ना चार्जशीट, ना राजीनाम्याचा कागद. सोमवारी गेटवर त्याचं कार्ड पंच झालं नाही, एवढंच. वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला नोटीस आणि भरपाईशिवाय घरी बसवता येत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. तो कंत्राटदाराच्या ऑफिसात एकदा जाऊन आला आणि आता गावाकडे जायचं म्हणतोय. त्याचा नंबर मी घेतला आहे. दोनदा लावला, उचलला नाही. उद्या सकाळी त्याच्या खोलीवरच जाणार आहे.