पांदण आधी पाण्याची, मग मुरमाची

यवतमाळ जिल्ह्यात पांदण रस्त्याचे फोटो काढायचे तर मार्च-एप्रिलसारखा महिना नाही. तांबूस मुरूम अंथरलेला, वरून रोलर फिरलेला, दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उपटलेली मोकळी शेते. तोच रस्ता ऑगस्टमध्ये बघायला कुणी अधिकारी किंवा पुढारी फिरकत नाही. फिरकतो तो पलीकडे शेत असलेला शेतकरी, आणि तोही चपला हातात घेऊन.

मुरूम निकृष्ट होता, ठेकेदाराने खाल्ला, थर पातळ टाकला, अशी चर्चा मग पानठेल्यावर रंगते. कधी ती खरीही असते. पण चांगल्यातला चांगला मुरूम प्रामाणिकपणे टाकला तरी यवतमाळच्या काळ्या मातीत तो दोन पावसाळे टिकेलच असे नाही. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात शेताला पडलेल्या भेगांमध्ये हात सहज जातो. कोरडी असताना तिच्यावरून भरलेली ट्रॉली बिनघोर जाते. भिजली की रिकामी बंडीही फसते. म्हणूनच रस्त्याची जाडी ठरवण्याआधी अभियंते मातीचा नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात आणि मगच तिची ताकद मोजतात. एप्रिलमधल्या टणक जमिनीवर विश्वास ठेवून केलेला हिशेब जुलैत चुकणारच. चाकाच्या दाबाने मुरूम खाली जातो, चिखल वर येतो आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा मुरूम टाकण्याची मागणी होते.

हे दुखणे आजचे नाही. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. अंतर सुमारे पाचशे मैल. लमाण-बंजाऱ्यांचे तांडे ही वाहतूक करीत. वाटेत पावसाने गाठले की कापूस भिजून जड होई आणि लादलेले बैल काळ्या चिखलात रुतून बसत. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची ‘शकुंतला’ आली आणि यवतमाळचा कापूस मुंबईच्या बंदराला जोडला गेला. शेतापासून गावापर्यंतचा दोन-तीन किलोमीटरचा टप्पा मात्र होता तसाच राहिला. आज सोयाबीन सोंगून झाले की मळणी यंत्र डांबरी रस्त्यावर थांबते आणि माल डोक्यावर वाहून त्याच्यापर्यंत न्यावा लागतो, तो याच टप्प्यामुळे. परतीचा पाऊसही नेमका तेव्हाच येतो.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचा कारभार 1816 पासून सांभाळणाऱ्या जॉन मॅकॅडमने एक साधी गोष्ट आग्रहाने मांडली होती: गाडीचे ओझे शेवटी खालची मातीच पेलते, वरची खडी हे तिचे छप्पर. माती कोरडी राहिली तर रस्ता टिकतो. दोनशे वर्षांनंतर आपल्या पांदणीत छपरावर खर्च होतो आणि गळतीकडे कुणी बघत नाही.

पांदणीची मूळ अडचण अशी की ती शेतांपेक्षा खोल असते. पिढ्यान्‌पिढ्या बंड्यांच्या चाकांनी ती झिजलेली असते आणि दोन्हीकडचे धुरे उंच झालेले असतात. म्हणजे पावसाळ्यात तो रस्ता नसतोच, नाला असतो. तेव्हा पहिले काम मुरमाचे नाही. दोन्ही बाजूंना नाल्या खोदायच्या, त्यातून निघालेली माती मधोमध टाकून रस्ता शेताच्या वर उचलायचा, त्याला मध्ये फुगवटा द्यायचा आणि मग दबाई करायची. तीन मीटर रुंदीच्या मुरमी रस्त्याचा मध्यभाग कडेपेक्षा पाच-सहा सेंटिमीटर उंच हवा. एवढासा फरक डोळ्यांना दिसतही नाही, पण पाण्याला तो कळतो.

पुसद, दिग्रस, उमरखेडकडच्या चढउताराच्या शिवारात आणखी एक गोष्ट लागते. उतारावर पाणी रस्ता ओलांडत नाही, रस्त्यानेच धावते. चाकोरीतून धावताना ते मुरूम वाहून नेते आणि खाली काळी माती उघडी पाडते. अशा ठिकाणी दर तीस-चाळीस मीटरवर तिरपा, दगडाने बांधलेला उथळ चर घालून पाणी बाजूला काढावे लागते. नालीचा उतार जास्त असेल तर तिच्यातही जागोजागी दगड रचावे लागतात, नाहीतर नालीच खचून रस्ता गिळते. आडव्या ओहोळावर पाईप टाकून मोरी हवी. 22 जुलै 2023 ला एका दिवसाच्या पावसाने महागाव तालुक्यातला आनंदनगर तांडा पाण्याने वेढला गेला होता. अशा पावसापुढे कुठलीच पांदण टिकणार नाही, हे मान्य. पण दरवर्षीच्या साध्या झडीपुढेही जी टिकत नाही, तिचा दोष पावसावर ढकलता येत नाही.

मग नाल्या आणि मोऱ्या का होत नाहीत? कारण पाणी रस्त्यावरून काढले की ते कुणाच्या तरी शेतात जाते. रस्त्यासाठी तीन फूट जागा सोडायला तयार झालेला शेतकरी पाण्याचे तोंड आपल्या धुऱ्यावर उघडू देत नाही, आणि त्याचे चुकते असेही नाही. कायद्यात रस्त्याची सोय आहे. जमीन महसूल संहितेचे कलम 143 आणि 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम वापरून तहसीलदार वाट देऊ शकतात, अडवलेली वाट मोकळी करू शकतात. पांदण मोजताना त्याच दिवशी पाणी कुठून कुठे जाणार, कुठल्या नाल्याला मिळणार, हेही नकाशावर आखून सगळ्या लगतदारांच्या सह्या घ्यायला काय हरकत आहे? अतिक्रमणाचा वाद मिटवायला पटवारी, सरपंच, पोलीस पाटील सगळे जमलेलेच असतात.

पैशाची बाजूही पाण्याच्या बाजूने आहे. 2018 मध्ये पालकमंत्र्यांच्या नावाने शेतरस्त्यांची योजना आली, नोव्हेंबर 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. तिचा आधार रोजगार हमी, आणि तिथे मजुरीला 60 व साहित्याला 40 असे प्रमाण सांभाळायचे असते. मुरूम हे साहित्य. एक किलोमीटर लांब, तीन मीटर रुंद रस्त्यावर वीस सेंटिमीटरचा थर द्यायचा तर 600 घनमीटर, म्हणजे दोनशेहून जास्त ब्रास मुरूम लागतो, आणि त्यासाठी कुठली तरी टेकडी कोरली जाते. नाली खोदणे, दगड रचणे हे मात्र मजुरांचेच काम. ज्या कामाने प्रमाण सांभाळले जाईल आणि गावात रोजही मिळेल, तेच अंदाजपत्रकात आखडते घेतले जाते हे नवलच.

मातीची चिकटाई कमी करण्याचा आणखी एक उपाय जिल्ह्यातच आहे. काळ्या मातीत वजनाच्या तीन ते पाच टक्के चुना मिसळून दाबली तर तिचे फुगणे बरेच कमी होते. वणीजवळच्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत. सगळ्या पांदणींना हे परवडणार नाही. पण दरवर्षी फसणारा शंभर मीटरचा तुकडा निवडून करून बघायला हरकत नाही.

वेळेचाही घोळ आहे. दबाईला माती ओलसर लागते आणि एप्रिलमध्ये यवतमाळात टँकरचे पाणी माणसांनाच पुरत नाही. कोरड्या मातीवर फिरवलेला रोलर फक्त वरचा पापुद्रा गुळगुळीत करतो. मातीकाम डिसेंबरात, नाल्यांना पाणी असताना उरकावे, मुरूम कापसाची वेचणी संपल्यावर टाकावा.

आणि देयकाचा शेवटचा हप्ता मार्चअखेरच्या गडबडीत न काढता पोळा झाल्यावर काढावा. तोवर पावसाचे दोन-अडीच महिने होऊन गेलेले असतात. पैसा अडकतो, अशी ठेकेदारांची ओरड होईल. पण प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी ठेकेदारावर असते आणि तरीही ती कामे घ्यायला माणसे मिळतात. इथे तर एकाच पावसाळ्याचा प्रश्न आहे. पाहणीला शाखा अभियंत्याबरोबर त्या पांदणीवरच्या शेवटच्या शेताचा मालक असावा, आणि दोघांनी भरलेल्या बंडीतून जावे.